वडिलांना क्लिनिकल ट्रायलसाठी विचारलंय, हो म्हणावं का?

तुम्ही लिहिलंय की वडील ६४ वर्षांचे आहेत, जुना मधुमेह आहे, रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने त्यांना एका नव्या औषधाच्या ट्रायलसाठी विचारलंय आणि आई म्हणते, "यांच्यावर प्रयोग नकोत." हो की नाही, ते वडिलांनीच ठरवायचं. पण ठरवण्याआधी काय वाचायचं आणि काय विचारायचं, ते सांगते.

मी डॉक्टर नाही. शाळेत मराठी शिकवत होते. निवृत्तीनंतर गेली सहा वर्षं एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे ट्रायल तपासून मान्यता देणाऱ्या समितीवर, 'सामान्य व्यक्ती' म्हणून काम करते. औषधांच्या ट्रायलसाठीच्या २०१९ च्या सरकारी नियमांप्रमाणे अशा कमिटीत किमान सात जण लागतात, त्यातले निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे. माझ्यासारखं एक बिगर-वैद्यकीय माणूस हजर नसेल तर बैठकीचा कोरमच होत नाही. रुग्णाच्या हातात पडणारं मराठी माहितीपत्रक शब्द न् शब्द वाचणं हे माझं मुख्य काम.

एकदा त्यात वाक्य आलं होतं : 'आपणास यादृच्छिकरीत्या दोनपैकी एका उपचार-शाखेत नियुक्त करण्यात येईल.' शेतातली कामं टाकून ओपीडीत आलेल्या बाईला यातून काय कळणार? आम्ही ते बदलून घेतलं : 'तुम्हाला नवं औषध मिळेल की नेहमीचं, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल. ते डॉक्टर ठरवत नाहीत आणि तुम्हालाही निवडता येत नाही.' वडिलांना हे वाक्य आधी समजावून सांगा. नवं म्हणजे जास्त चांगलं, असं धरून बरेच लोक सही करतात. ते जास्त चांगलं आहे की नाही हे अजून कुणालाच माहीत नाही, म्हणून तर ट्रायल आहे. चिठ्ठीत प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी आली, तर साखरेच्या सध्याच्या गोळ्या चालू राहतील का, हे स्पष्ट विचारा. ट्रायल संपल्यावर औषध मिळत राहणार का, हेही विचारा. हा प्रश्न फार कमी लोकांना सुचतो.

संमतीपत्रावर वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव विचारलेलं असतं. ते पाहून आईच्या पोटात गोळा येईल. ट्रायलमुळे मृत्यू झाला तर भरपाई कुणाला द्यायची, यासाठी तो रकाना असतो. ट्रायलदरम्यान इजा झाली, तर गरज असेपर्यंत किंवा तिचा ट्रायलशी संबंध नाही असं ठरेपर्यंत उपचार मोफत करावे लागतात. आईची भीती निराधार आहे असं मी म्हणणार नाही. लोकांना नीट न सांगता चाचण्या झाल्याच्या तक्रारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या होत्या आणि २०१३ पासून नियम कडक होत गेले ते त्यातूनच.

पण प्रयोग या शब्दाची दुसरी बाजूही आईंना सांगा. मुंबईच्या टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी ११ रुग्णालयांत १,६०० स्त्रियांवर एक ट्रायल केली. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेआधी काही मिनिटं, गाठीभोवती लिग्नोकेनचं इंजेक्शन. दात काढताना जागा बधीर करायला देतात तेच, अगदी स्वस्त. निम्म्या स्त्रियांना दिलं, निम्म्यांची नेहमीसारखी शस्त्रक्रिया झाली. २०२३ मध्ये निष्कर्ष छापून आले : सहा वर्षांनी इंजेक्शनवाल्या गटात ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या, दुसऱ्या गटात ८६.४ टक्के. ज्यांना इंजेक्शन मिळालं नाही त्यांच्याशिवाय हा फरक कळलाच नसता. त्या बायकांचा विचार मनात आला की आजही माझा गळा दाटून येतो.

कागद घरी आणा, रात्रभर ठेवा, मोठ्याने वाचा. "आत्ताच सही करा" असा आग्रह झाला तर करू नका. सही केलेली प्रत तुमच्याकडे राहायलाच हवी. कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. शिवाय सीटीआरआय या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला क्रमांक मागा. २००९ पासून ही नोंद सक्तीची आहे. संकेतस्थळ इंग्रजीत आहे, पण खर्च कोण करतंय आणि कुठल्या कमिटीने मान्यता दिली ते तिथे दिसतं.

माहितीपत्रकात एथिक्स कमिटीच्या सचिवांचा नंबर असतो. तो शोभेसाठी नाही, लावा. आमच्याकडे मागच्या वर्षी एका आजोबांनी लावला होता : "नातीच्या बारशाला गावी जायचंय, रक्त द्यायची तारीख चुकते, चालेल का?" डॉक्टरांनी प्रोटोकॉल, म्हणजे ट्रायलचा ठरलेला आराखडा, उघडून पाहिला, तीन दिवस मागेपुढे चालत होतं. आजोबा बारशाला जाऊन आले, आल्यावर रक्त दिलं.