'पिक अप'च्या मागे लागण्याआधी

अरे, 'पिक अप'चे अर्थ वहीत एकाखाली एक लिहून पाठ करतोयस ना, ते आधी थांबव. मीही केलंय. नोकरीच्या पहिल्या वर्षी साहेबांचा मेल आला, 'सेल्स हॅव पिक्ड अप', आणि मी घाबरून विचारलं, माल कुणी उचलून नेला? विक्री वाढली होती, एवढंच! आठवडाभर तोंड लपवत फिरलो.

तेव्हापासून आधी बघतो, कर्म आहे का? नसेल तर बहुतेक वेळा काहीतरी वाढतंय किंवा सुधारतंय: धंदा, वारा, वेग. बाइकचा 'पिकअप' याच कुळातला. (वाजत्या फोनकडे बघून कुणी नुसतं 'पिक अप' म्हणालं, तर कर्म गृहीत असतं.) कर्म असेल तर आपलं 'उचलणं' आठव. फोन उचलतो, पोलीस संशयिताला उचलतात, पोरं गल्लीतून शिव्या उचलतात. तिन्हीकडे 'पिक अप' चालतं. पण स्टेशनवरून मावशीला 'पिक अप' केलं म्हणजे तिला आणायला गेलो, आणि सर्दी 'पिक अप' केली म्हणजे ती कुणाकडून तरी लागली. तिथे उचलणं लंगडं पडतं.

खऱ्या चुका होतात त्या क्रमात. 'पिक अप द फोन', 'पिक द फोन अप', दोन्ही बरोबर. फोनऐवजी 'इट' आलं की मात्र ते मधेच बसतं: 'पिक इट अप'. 'पिक अप इट' कधीच नाही. 'हिम', 'देम'चंही तसंच.

'पिक ऑन' वेगळं बरं का, ते एखाद्याला सारखं धारेवर धरणं. त्याच्याकडे नंतर बघू.