पणजीहून थेट बर्फावर

प्रश्न : मुलगी फेब्रुवारीत गुलमर्गला स्कीइंगच्या बेसिक कोर्सला जाणार आहे. पुढे प्रशिक्षक व्हायचं म्हणते. गोव्यात बर्फ कुठला! इथे राहून तयारी काय करावी?
– एक पालक, पणजी

उत्तर : पाय इथे तयार करा. स्कीइंगमध्ये वाकलेल्या गुडघ्यांवर सतत वजन पेलावं लागतं, म्हणून चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव मोलाचा. आल्तिन्यो टेकडीच्या पायऱ्या सावकाश उतरू दे. गुलमर्ग साधारण २,६५० मीटर उंचीवर आहे. समुद्रकाठच्या माणसाला सुरुवातीला दम लागतो. एक दिवस आधी पोचावं.

बूट भाड्याने मिळतात, पण निवडताना घाई नको. मोजा एकच, लोकरीचा. दोन घातले तर पाय आवळून बोटं गार पडतात. ताठ उभं राहिल्यावर अंगठा पुढे निसटता लागावा, गुडघा वाकवला की सुटावा. बूट बाइंडिंगमध्ये, म्हणजे स्कीच्या पट्टीवर बूट अडकवणाऱ्या खटक्यात, बसवण्याआधी तळव्याचा बर्फ खरवडायचाच. थर राहिला की टाच नीट अडकत नाही आणि स्की भलत्या क्षणी निघते.

नवशिके घाबरून मागे रेलतात. मग स्कीची टोकं हलकी होतात, वळतच नाहीत. नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली हवी.

प्रशिक्षक व्हायचं तर ऑस्ट्रियाचे हानेस श्नायडर (१८९०–१९५५) तिला माहीत हवेत. स्कीची टोकं जुळवून टाचा फाकवायच्या, त्यातून हळूहळू वळणांकडे जायचं, ही टप्प्याटप्प्याची शिकवण त्यांनी रुजवली. तिचीही सुरुवात बहुधा तिथूनच होईल.