गॅलापॅगोस बेटांवर आई-बाबांना घेऊन जायचंय. क्रूझ घ्यावी की बेटावर राहून रोजच्या फेऱ्या कराव्यात?

तुम्ही लिहिलंय की आई 66 वर्षांची आणि बाबा 70 चे. नाशिकहून निघणार. आणि बाबा म्हणतात, एवढे पैसे घालून पक्षीच पाहायचे तर आपलं नाशिकजवळचं नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्य काय वाईट आहे? मी नाशिकरोडला राहते. शाळेत भूगोल शिकवण्यात उभा जन्म गेला. मे 2023 मध्ये मी आणि माझी धाकटी बहीण आठ दिवसांच्या क्रूझवर जाऊन आलो.

आधी थोडक्यात सांगते. आई-बाबांना जिने चढता-उतरता येत असतील तर क्रूझच घ्या. मात्र ती निवडताना केबिनचे फोटो बघू नका, जहाज कुठल्या बेटांवर जातं ते बघा.

आता बाबांचा मुद्दा. नांदूर मधमेश्वर हे माझं घरच आहे म्हणा ना. थंडीत महिन्यातून दोनदा तरी तिथल्या चापडगावला जाते. 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याची नोंद झाली, तेव्हा मी शाळेत पेढे वाटले होते. पण तिथे आपण पक्षी पाहतो ते दुर्बिणीतून. गाडीचं दार जरा जोरात लागलं की बदकांचा अख्खा थवा उठतो. गॅलापॅगोसच्या जमिनीवर मोठा शिकारी प्राणी कधी नव्हताच, त्यामुळे माणसाला घाबरायचं असतं हे तिथल्या प्राण्यांना ठाऊकच नाही. दोन मीटर अंतर ठेवायचा नियम आहे, पण तो आपल्यासाठी. निळ्या पायांचा बूबी हा समुद्रपक्षी वाटेतच अंडी उबवत बसतो आणि आपण वळसा घालून जायचं.

पाणकावळ्याचंच सांगते. आपल्या धरणावर तो खुंटावर बसून पंख पसरतो आणि वाळवतो, हे बाबांनी शंभरदा पाहिलं असेल. फर्नांडिना बेटावर मी जो पाणकावळा पाहिला, तो जगात फक्त तिथे आणि शेजारच्या इसाबेलाच्या किनाऱ्यावर राहतो. त्याला उडता येत नाही. पाण्यातून धडपडत वर आला, माझ्यापासून चार हातांवर काळ्या दगडावर उभा राहिला आणि अगदी आपल्या पाणकावळ्यासारखे पंख पसरले. पंख कसले, वीतभर तोकडे, पिसं विरलेली, जुन्या झाडणीसारखे. उडणं सुटून किती पिढ्या लोटल्या, तरी पंख वाळवायची सवय सुटलेली नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांना एवढं एकच वाचून दाखवा. नांदूर मधमेश्वर ज्याने मन लावून पाहिलंय त्यालाच हा पक्षी खरा कळेल.

आता क्रूझच का, ते. ही बेटं दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे हजार किलोमीटर पश्चिमेला आहेत. पृथ्वीच्या पोटातून तप्त खडक एका जागी वर येत राहतो आणि त्यावरून समुद्रतळाचं नाझ्का भूपट्ट हळूहळू पूर्वेकडे सरकतं. म्हणून पूर्वेची सान क्रिस्टोबाल, एस्पान्योला ही बेटं म्हातारी, झिजलेली. पश्चिमेची फर्नांडिना आणि इसाबेला अजून तरुण, तिथले ज्वालामुखी आजही जागे आहेत. प्रत्येक बेटाचं वय वेगळं, झाडोरा वेगळा, आणि म्हणून प्राणीही वेगळे. एका बेटावर हॉटेलात राहून तुम्ही जवळच्या दोन-चार बेटांवर सकाळी जाऊन संध्याकाळी परत येऊ शकता. पण पश्चिमेच्या त्या टोकाला जहाजाशिवाय जाणं होत नाही. जहाज रात्री चालतं. डोळे उघडतात तेव्हा दुसरं बेट समोर असतं.

पश्चिमेकडे समुद्राखालून वाहणारा एक थंड प्रवाह बेटांवर येऊन आदळतो आणि वर चढतो. त्यासोबत खालचं पोषण वर येतं, त्यावर मासे जगतात आणि माशांवर पेंग्विन. विषुववृत्तावर पेंग्विन! वर्गात इतकी वर्षं ‘थंड प्रवाह, उष्ण प्रवाह’ असे बाण फळ्यावर काढले, पण तो बाण म्हणजे काय ते इसाबेलाच्या टॅगस कोव्ह या खाडीच्या पाण्यात उतरल्यावर अंगाला कळलं. दातावर दात वाजत होते आणि हातभर उंचीचा पेंग्विन कानाजवळून सुळकन निघून गेला.

सांतियागो बेटावर सलिव्हन बे म्हणून जागा आहे, ती मार्गात असेल तर सोडू नका. तिथे प्राणी फारसे नाहीत, नुसता लाव्हा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाहून थिजलेला. सुंभाच्या दोऱ्या शेजारी शेजारी अंथरल्यासारखा दिसतो, बोटांनी पीळ मोजता येतात. आपली अंजनेरी, ब्रह्मगिरी, पांडवलेणीचा डोंगर, सगळे असेच लाव्ह्याचे, फक्त साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. तिथल्या दगडात वायूचे बुडबुडे अजून रिकामे आहेत. आपल्याकडे त्याच पोकळ्यांत पुढे झिओलाइट या खनिजाचे स्फटिक भरले, जे सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात काचेआड ठेवलेत. निघण्याआधी आई-बाबांना सिन्नरला एक चक्कर मारून आणा. मग तो रिकामा बुडबुडा पाहताना काय वाटतं ते मला सांगा.

बुकिंग करताना आम्ही फसता फसता वाचलो, ते ऐका. एका एजंटने आम्हाला ‘पाच दिवसांची’ क्रूझ सुचवली होती. कागद नीट वाचला तर पहिल्या दिवशी दुपारी जहाजावर चढायचं आणि पाचव्या दिवशी सकाळीच विमानतळावर उतरायचं. हातात पूर्ण दिवस तीनच. म्हणून दिवस मोजू नका, सकाळ-दुपारचे उतरण्याचे थांबे मोजा. मोठी केबिन घेण्यापेक्षा त्याच पैशात दोन रात्री वाढवा. दर सोळा प्रवाशांमागे एक प्रशिक्षित गाइड हा गॅलापॅगोस राष्ट्रीय उद्यानाचा नियमच आहे आणि एका जहाजावर शंभरापेक्षा जास्त प्रवासी नसतात.

आई-बाबांसाठी माझं मत जरा मोठ्या जहाजाकडे झुकतं. आमचं सोळा जणांचं होतं आणि पहिल्या रात्री इतकं हललं की बहिणीने पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. मोठं जहाज कमी हलतं आणि बहुतेक मोठ्या जहाजांवर डॉक्टर असतो. किनाऱ्यावर न्यायला रबरी होडी असते, तिला तिथे पांगा म्हणतात. कधी ती दगडी पायरीला लागते, कधी गुडघाभर पाण्यात उतरून वाळूवर चालत जायचं. होडीत चढताना खलाशाचा हात मनगटाला धरायचा, पंज्याला नाही, हे घरीच एकदा करून बघा. लाव्ह्यावर चालायला काठी न्या, टोकाला रबर लावलेली.

तिकीट काढण्याआधी एक काम कराच. पीतज्वराची (यलो फिव्हरची) लस. या तापाचा धोका असलेल्या देशांच्या भारत सरकारच्या यादीत इक्वेडोर आहे. प्रमाणपत्राशिवाय परतलात तर इथे सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. साठीच्या पुढे ही लस देताना डॉक्टर जास्त काळजी घेतात, म्हणून दोघांच्या गोळ्यांची यादी घेऊन आधी डॉक्टरांशी बोला. त्यांनी नको म्हटलं तर सगळा बेत नव्याने विचारात घ्यावा लागेल.

बाकी किरकोळ. उद्यानाची फी मी गेले तेव्हा शंभर डॉलर होती, 1 ऑगस्ट 2024 पासून दोनशे झाली आहे. रोख न्या. शाकाहारी जेवण आधी कळवलं की मिळतं, पण चार दिवसांनी वरणभाताची आठवण येतेच. डिसेंबर ते मे हवा गरम, समुद्र शांत, पश्चिम टोक सोडलं तर पाणी कोमट. जून ते नोव्हेंबर ढगाळ, पाणी थंड, जहाज जास्त हलतं. आई-बाबांसाठी एप्रिल-मे उत्तम.

फळं, बिया, रोपं काही नेऊ नका. बॅगा तपासतात, बुटांचे तळवे धुवायला लावतात, आणि त्याचा राग मानू नका. आपल्याकडची, म्हैसूर रास्पबेरी म्हणून ओळखली जाणारी एक काटेरी झुडूपवजा बेरी तिकडे पोहोचली आणि तिने डोंगरउतार गिळायला घेतलेत. अमेरिकेतून आलेल्या घाणेरीने आपल्या रानांचं काय केलं ते आपण पाहतोच आहोत. मी बुटांच्या खाचा सेफ्टी पिनने कोरून काढल्या.

आमच्या मार्गात एस्पान्योला नव्हतं, त्यामुळे अल्बाट्रॉस हे लांब पंखांचे मोठे समुद्रपक्षी पाहायचे राहिले. जगातले जवळजवळ सगळे वेव्ह्ड अल्बाट्रॉस एप्रिल ते डिसेंबर त्या एका बेटावर पिल्लं वाढवतात. आठ दिवसांत सगळं बसत नाही. पश्चिम की एस्पान्योला, हे घरात बसून ठरवा. मला आज विचाराल तर पुन्हा पश्चिमच.

फ्लोरेआना मात्र दोन्हीकडच्या बऱ्याच मार्गांत असतं. तिथे पोस्ट ऑफिस बे नावाच्या किनाऱ्यावर एक लाकडी पिंप आहे. व्हेल मारणाऱ्या जहाजांच्या काळापासूनची ही पद्धत: तिकीट न लावता पत्र टाकायचं, आणि आपल्या गावच्या आसपासचं पत्र सापडलं तर ते घेऊन जाऊन स्वतः पोहोचवायचं. आमच्या गठ्ठ्यात भारतातलं एकच निघालं, पुण्याचं, एका नातीने आजोबांना लिहिलेलं. जूनमध्ये मी ते नेऊन दिलं. आजोबांनी दारातच दोनदा वाचलं आणि मग मला आत बोलावलं.

मी माझ्याच नावाने टाकलेलं कार्ड अजून आलेलं नाही. तुम्ही फ्लोरेआनाला उतरलात तर पिंपात नाशिकरोडचा पत्ता शोधाल का? निळ्या शाईने मराठीत लिहिलंय, आणि कोपऱ्यात तोकड्या पंखांचा पाणकावळा काढलाय.