एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये फॉरेन की (एका टेबलातला क्रमांक दुसऱ्या टेबलात असलाच पाहिजे, हा नियम) लावली आहे, तरी ग्राहक टेबलात नसलेला क्रमांक ऑर्डर टेबलात बिनबोभाट जातो. असं का?

तुमचं टेबल बरोबर आहे. एसक्यूलाइटमध्ये फॉरेन कीची तपासणी मुळातच बंद असते. ही तपासणी आली 3.6.19 आवृत्तीत, 2009 साली. तोवर लोकांचे जुने प्रोग्राम तिच्याविनाच चालत होते, ते मोडू नयेत म्हणून ती बंदच ठेवली. म्हणजे फॉरेन कीसाठी टेबलात ‘रेफरन्सेस’ लिहिलेलं वाचलं जातं, पण पाळलं जात नाही.

कनेक्शन उघडल्याबरोबर ‘प्रॅग्मा फॉरेन_कीज = ऑन’ चालवा (प्रॅग्मा म्हणजे एसक्यूलाइटला सेटिंग सांगायची किंवा माहिती विचारायची आज्ञा). ही सेटिंग डेटाबेसच्या फाइलमध्ये साठत नाही, प्रत्येक कनेक्शनला नव्याने द्यावी लागते. माझी फजिती इथेच झाली होती: टर्मिनलमध्ये चालू केलं, तिथे चुकीची ओळ नाकारली गेली, मी खूश, आणि अॅप मात्र स्वतःच्या कनेक्शनवरून खुशाल कचरा भरत राहिलं. अर्धा दिवस गेला.

आणखी एक खोच. ट्रान्झॅक्शन (‘बिगिन’ने सुरू होणारा, एकत्रच पक्क्या होणाऱ्या बदलांचा गट) सुरू असताना हा प्रॅग्मा दिला तर काहीच होत नाही, एररसुद्धा येत नाही. त्यामुळे ‘बिगिन’च्या आधीच द्या. मग नुसतं ‘प्रॅग्मा फॉरेन_कीज’ विचारून उत्तर 1 येतंय ना, ते बघा.

तपासणी चालू केल्यावर आधी घुसलेल्या अनाथ ओळी आपोआप सापडणार नाहीत. त्यासाठी ‘प्रॅग्मा फॉरेन_की_चेक’ चालवा. कुठल्या टेबलातली कुठली ओळ लटकतेय ते तो दाखवतो. काही ओळींत ग्राहक क्रमांक नल, म्हणजे रिकामा, असेल तर त्या यादीत येणार नाहीत. नल चालतो, तो नको असेल तर कॉलमला ‘नॉट नल’ लावा.