सामाईक भाड्याचे घर मुदतीआधी सोडताना

प्रिय विद्यार्थ्यास,
सप्रेम आशीर्वाद.

बंगळूरच्या नोकरीबद्दल मनापासून अभिनंदन. मात्र महिनाअखेरीस पुण्यातला फ्लॅट सोडायचा आणि डिपॉझिटमधला तुझा वाटा दोघा मित्रांनी आपसात वळता करून घ्यायचा, हा बेत मला धोक्याचा वाटतो. लिव्ह अँड लायसन्स करारावर तिघांची नावे, फोटो आणि अंगठे आहेत. सामान हलवून किल्ली दिली म्हणून त्यातले तुझे नाव निघत नाही.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ४३ नुसार, अनेकांनी मिळून दिलेल्या वचनाची पूर्ण पूर्तता, करारात वेगळे ठरले नसेल तर, त्यांपैकी कोणाही एकाकडून मागता येते. म्हणजे तू गेल्यानंतर भाडे थकले, तर घरमालक सगळी रक्कम तुझ्याकडे मागू शकतो. मित्रांचा वाटा नंतर त्यांच्याकडून वसूल करणे हे तुझे काम. हेच उलटही खरे आहे, आणि मला त्याचीच अधिक काळजी वाटते: तुझ्या वाट्याचे भाडे उद्यापासून त्या दोघांच्या डोक्यावर बसेल.

आता करारातले लॉक-इनचे, म्हणजे ठरावीक काळ घर सोडायचे नाही असे सांगणारे, कलम शांतपणे वाच. लॉक-इन मोडल्यास अमुक रक्कम द्यावी असे लिहिलेले असले, तरी करार अधिनियमाच्याच कलम ७४ प्रमाणे न्यायालय त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई देते, आणि मालकाला लगेच नवे भाडेकरू मिळाले तर त्याचे नुकसानही कमी ठरते. पण डिपॉझिट आधीच त्याच्या हातात आहे आणि ते परत मिळवायला दावा तुला लावावा लागेल, हे विसरू नकोस. लॉक-इन संपले असेल, तर नोटीस एकट्याने देता येते की तिघांनी मिळून, तेही पाहा. अनेक करारांत तिघांना मिळून एकच पक्ष धरलेले असते.

तुझ्या जागी कोणी मिळाला, तरी त्याला परस्पर राहायला आणू नकोस. बहुतेक करारांत तिऱ्हाइताला जागा देण्यास मनाई असते. मालकाची लेखी संमती घेऊन जुना करार रीतसर रद्द करावा आणि राहणाऱ्यांच्या नावाने नवा करावा, हेच मला सर्वांत सुरक्षित वाटते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. त्याचा खर्च तू उचलावास, कारण ही गरज तुझ्यामुळे उभी राहिली आहे. निघण्यापूर्वी वीजमीटरच्या रीडिंगचा आणि करारातल्या यादीतील गिझर, पंखे, कपाटे यांचा तारखेसह फोटो काढून तिघांना आणि मालकाला ईमेल कर.

कराराची सगळी पाने स्कॅन करून मला पाठव, आणि मी ती वाचेपर्यंत मालकाला फोनवर कोणतीही रक्कम कबूल करू नकोस.

तुझा हितचिंतक