सप्लाय चेन डिझाइन शिकायचं तर सुरुवात कुठून करू?

"मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, सप्लाय चेन डिझाइनमध्ये (म्हणजे कारखाने, गोदामं कुठे असावीत आणि माल कुठून कुठे जावा हे ठरवण्याच्या कामात) जायचंय, कोणता कोर्स करू?" असं तुम्ही विचारलंय. कोर्सचं सांगतेच, पण आधी माझी एक फजिती ऐका.

१ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला तेव्हा मी रोजच्या वापराचा माल बनवणाऱ्या एका कंपनीत प्लॅनिंगला होते. त्याआधी परराज्यात माल विकला की केंद्रीय विक्रीकर लागायचा. स्वतःच्याच तिथल्या डेपोला पाठवला तर लागत नसे. त्यामुळे गरज असो नसो, जवळजवळ प्रत्येक राज्यात एक डेपो. गोदाम कुठे असावं हे एका अर्थी करखातंच ठरवत होतं. जीएसटी आल्यावर ते कारण संपलं आणि जो तो छोटे डेपो बंद करून भिवंडीसारख्या ठिकाणी मोठं गोदाम घ्यायच्या मागे लागला.

आमच्याकडचं हे काम माझ्या गळ्यात पडलं. पुस्तकातला नियम पाठ होता: १६ गोदामांची ४ केली की अडीअडचणीसाठी ठेवायचा जादा साठा साधारण निम्म्यावर येतो, वर्गमुळाच्या हिशोबाने. एका ठिकाणी मागणी वाढली तर दुसरीकडे घटते, एकमेकांत भागून जातं. मी गोव्याचा डेपो बंद करून तिथला माल पुण्याहून द्यायचं सुचवलं. भाडं वाचलं, साठा कमी झाला, प्रेझेंटेशन झकास झालं.

पहिल्याच महिनाअखेरीला फोन सुरू झाले. वितरक स्कीमसाठी, म्हणजे कंपनीच्या सवलतीसाठी, थांबतात आणि निम्मा माल शेवटच्या आठवड्यात उचलतात. मी मात्र महिन्याची सरासरी धरली होती. गोव्यात, कोल्हापुरात, सोलापुरात एकाच दिवशी मागणी उसळली, मग भागून काय जाणार? नियम खोटा नव्हता, त्याची अट (सगळीकडची मागणी एकदम वाढायला नको) मी वाचली नव्हती. त्यात महिनाअखेरीला सगळ्यांनाच गाड्या हव्या असतात, ट्रान्सपोर्टर म्हणेल ते भाडं. सकाळी फोन केला की संध्याकाळी माल मिळायची सवय असलेले वितरक तीन-तीन दिवस खोळंबले. शेवटी तिथे एक लहान जागा परत घ्यावी लागली.

हे सगळं सांगायचं कारण, गणित तुम्हाला जमेलच. इंजिनिअरिंगच्या पोरांना ते अवघड जात नाही. अडतं ते आकडा कुठून आला हे न विचारल्यामुळे.

तेव्हा कोर्स लावायच्या आधी एक काम करा. ओळखीतला एखादा घाऊक व्यापारी गाठा. औषधांचा, टाइल्सचा, वेफर्सचा, कुणीही चालेल. त्याची सहा महिन्यांची बिलं आणि बिल्ट्या, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावत्या, मागा (चहा पाजावा लागेल, दोनदा), आणि कुठे किती माल, किती दिवसांत, किती भाड्यात गेला ते एक्सेलमध्ये भरा. वेफर्सची गाडी वजन गाठायच्या आत जागेनेच भरते, तेलाच्या डब्यांची वजनाने भरते. म्हणून एकाच रस्त्यावर दोघांचा किलोमागचा खर्च वेगळा. हे बिल्ट्यांवरून चटकन कळतं.

मग मागणीचा गुरुत्वमध्य काढा, म्हणजे जिथे जास्त माल जातो तिकडे झुकणारा नकाशावरचा मधला बिंदू. माझा पहिला बिंदू मुंबई आणि पुण्याच्या ओढाताणीत खंडाळ्याच्या दरीत पडला होता. तिथे गोदाम कोण बांधणार? सरळ रेषेतलं अंतर आणि घाटातलं अंतर यांतला फरक त्या दिवशी कळला. त्यानंतर ठरावीक चार-पाच जागांतून निवड करायचं मॉडेल सॉल्व्हरमध्ये (सगळ्यात कमी खर्चाचा पर्याय शोधून देणाऱ्या सोयीत) मांडा. एक्सेलमधला सॉल्व्हर २०० चलांपुढे (ज्यांची किंमत शोधायची त्या आकड्यांपुढे) जात नाही, पण शिकायला तेवढं पुष्कळ आहे. पुढे पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतलं पल्प (PuLP) हे असंच काम करणारं साधन फुकट आहे. महागड्या सॉफ्टवेअरच्या मागे आत्ता लागू नका, ते कंपनीत गेल्यावर महिन्याभरात येतं.

आता कोर्स. अमेरिकेतल्या एमआयटीच्या सप्लाय चेनवरच्या ऑनलाइन मायक्रोमास्टर्स या कोर्समालिकेत पाच विषय आहेत आणि त्यातला एक खास डिझाइनवरच आहे. आधी ॲनालिटिक्सचा आणि मूलतत्त्वांचा करा, मग डिझाइनचा. प्रमाणपत्र हवं असेल तर पैसे भरावे लागतात. पुढे शिकायचंच असेल तर पवईचं नीटी, म्हणजे आताचं आयआयएम मुंबई, या विषयात जुनं आणि चांगलं. सीपीआयएम, सीएससीपी वगैरे सप्लाय चेनमधली व्यावसायिक प्रमाणपत्रं दोन-तीन वर्षं नोकरी केल्यावर करा. अनुभवाशिवाय ती नुसती पाठांतराची होतात, असं माझं मत.

नोकरीचं खरं सांगायचं तर "नेटवर्क डिझाइन" नावाचं पद नवख्याला क्वचितच मिळतं. डिस्पॅच (माल रवाना करणं), सप्लाय प्लॅनिंग किंवा गोदाम चालवणाऱ्या कंपनीत लागावं लागतं. चाकण, भिवंडी, उरणकडे असलं काम भरपूर आहे. रात्रपाळी असते, घरचे कुरकुरतात, माझेही कुरकुरले. पण गाडी चार-चार तास दारात का उभी राहते हे तिथेच दिसतं. अशी ऑफर आली तर पगाराइतकंच एक विचारून घ्या: भाड्याचा आणि डिस्पॅचचा डेटा मला बघायला मिळेल का? "ते हेड ऑफिस बघतं" असं उत्तर आलं, तर दुसरी ऑफर हातात असल्यास ती घ्या.