वाचकांचे प्रश्न : दोन व्हिक्टोरिया क्रॉस आणि रेल्वेचा डॉक्टर

प्रश्न : आमचे आजोबा बंगाल-नागपूर रेल्वेत नोकरीला होते. आमच्या रेल्वेच्या डॉक्टरला दोनदा व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता, असे ते सांगत असत. घरातले सगळे ही गोष्ट हसण्यावारी नेत. तिच्यात काही तथ्य आहे का? आणि लढणे हे ज्याचे कामच नाही, अशा डॉक्टरला शौर्याचे पदक कशासाठी देतात? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : आजोबांचे म्हणणे खरे आहे. त्या डॉक्टरचे नाव आर्थर मार्टिन-लीक. मात्र नावात नागपूर असले तरी या रेल्वेचे मुख्यालय कलकत्त्याला, हुगळीकाठच्या गार्डन रीच भागात होते आणि मार्टिन-लीक यांची नेमणूकही तिथेच होती. 1903 साली ते या रेल्वेच्या वैद्यकीय विभागाचे प्रमुख म्हणून रुजू झाले आणि युद्धांमुळे पडलेले खंड सोडले तर 1937 साली निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिश सैन्याचे सर्वोच्च शौर्यपदक दोनदा मिळवणारे आजवर तिघेच झाले, आणि त्यांतले पहिले हे.

त्यांचा जन्म 1874 चा, इंग्लंडमधल्या हार्टफर्डशायर परगण्यातला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये वैद्यकीचे शिक्षण पुरे करून ते एका छोट्या इस्पितळात काम करत होते, तोच 1899 साली दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिश आणि बोअर (तिथले डच वंशाचे वसाहतकरी) यांच्यात युद्ध पेटले. पदवीधर डॉक्टर असूनही ते आधी साधे घोडेस्वार म्हणून भरती झाले, ही बाब मला त्यांच्या स्वभावाविषयी पुष्कळ काही सांगणारी वाटते. डॉक्टर म्हणून त्यांचा उपयोग पुढे झाला आणि अखेरीस ते दक्षिण आफ्रिकेच्या सशस्त्र पोलीस दलात सर्जन-कॅप्टन झाले.

8 फेब्रुवारी 1902 रोजी व्लाकफोंटाइन येथे जे घडले, त्याची हकिगत पदकाच्या अधिकृत नोंदीतच आहे. जेमतेम शंभर यार्डांवरून सुमारे चाळीस बोअर गोळ्या झाडत असताना ते एका जखमी शिपायापाशी गेले आणि त्याच्यावर उपचार केले. नंतर एका जखमी अधिकाऱ्याला जरा नीट निजवता यावे म्हणून ते धडपडत होते, तेव्हा त्यांना स्वतःला तीन गोळ्या लागल्या. तरीही पूर्ण गलितगात्र होऊन कोसळेपर्यंत त्यांनी हात थांबवला नाही. त्या जागी असलेले आठही जण जखमी झाले होते. उघड्या माळावर ते सारे पडलेले असताना पाणी आले, तेव्हा बाकी प्रत्येकाला मिळेपर्यंत मार्टिन-लीक यांनी घोटही घेतला नाही. तीन गोळ्या लागलेल्या, रक्त गेलेल्या माणसाची तहान काय असते, हे सर्जनला कोणी वेगळे सांगायला नको.

लंडनला परतल्यावर त्यांनी 1903 साली शस्त्रक्रियेची एफ. आर. सी. एस. ही पदवी मिळवली आणि त्याच वर्षी रेल्वेची नोकरी धरून हिंदुस्थानात आले. नोकरीत शिकारीला सवड मिळे आणि शिकारीचा त्यांना अतोनात नाद होता. बाल्कन युद्धाच्या वेळी, 1912-13 मध्ये, ते रेड क्रॉसच्या पथकाबरोबर माँटेनेग्रोला जाऊन आले.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती. वयाच्या सबबीवर आपल्याला मागेच ठेवतील, या धास्तीने ते थेट पॅरिसला गेले आणि तिथल्या ब्रिटिश वकिलातीत नाव नोंदवून पाचव्या फील्ड अ‍ॅम्ब्युलन्समध्ये, म्हणजे लष्कराच्या एका वैद्यकीय तुकडीत, दाखल झाले. 29 ऑक्टोबर ते 8 नोव्हेंबर 1914 या काळात बेल्जममधील झोन्नेबेके गावाजवळ, शत्रूच्या खंदकांना अगदी लागून पडलेल्या जखमींना त्यांनी सततच्या गोळीबारातून बाहेर काढले. ही एका दिवसाची मर्दुमकी नव्हती. अकरा दिवस तोच धोका, तीच वाट आणि तेच ओझे होते. त्याबद्दल त्यांना दुसरा व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. दुसऱ्या वेळी वेगळे पदक देत नाहीत. पहिल्याच पदकाच्या फितीवर एक आडवी धातूची पट्टी चढवतात, आणि अशी पट्टी मिळवणारे ते पहिलेच.

याच दिवसांत, 31 ऑक्टोबरला, तिथून थोड्याच अंतरावरच्या होलेबेके येथे बलुच पलटणीच्या खुदादाद खान यांनी मशीनगन सोडली नाही आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले हिंदी सैनिक ठरले. हिंदी सैनिक 1911 पर्यंत या पदकाला पात्रच नव्हते, हेही या निमित्ताने सांगायला हवे.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. हे पदक शत्रूसमोर दाखवलेल्या शौर्यासाठी असते. शत्रूला मारलेच पाहिजे अशी त्याची अट नाही. गोळीबार सुरू झाला की शिपायाने आडोसा धरणे हे शहाणपणाचे आणि शिस्तीचेही असते. जखमी मात्र आडोशाबाहेर पडलेला असतो, त्यामुळे डॉक्टरला नेमके त्याच वेळी आडोसा सोडावा लागतो, तोही रिकाम्या हातांनी. दोनदा हे पदक मिळवणाऱ्या तिघांपैकी दोघे डॉक्टर निघावेत, हा मला त्यामुळे योगायोग वाटत नाही. दुसरे डॉक्टर म्हणजे नोएल शॅव्हास, ते पुढच्या उत्तरात भेटतील. तिसरे न्यूझीलंडचे चार्ल्स अपहॅम. ते मात्र पायदळातले होते.

प्रश्न : जुन्या युद्धकथांत अमुक डॉक्टर ‘फील्ड अ‍ॅम्ब्युलन्सचे प्रमुख’ होते, असे वाचायला मिळते. एका गाडीला प्रमुख कशाला लागतो? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ती गाडी नव्हे. फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स म्हणजे लष्कराची एक अख्खी वैद्यकीय तुकडी. तिच्यात डॉक्टर, मलमपट्टी करणारे, स्ट्रेचर वाहणारे आणि वाहने असे सगळे असे. पलटणीचा स्वतःचा डॉक्टर आघाडीच्या अगदी मागे प्राथमिक उपचार करी. तिथून जखमींना उचलून मलमपट्टीच्या ठाण्यांमार्गे शस्त्रक्रियेची सोय असलेल्या इस्पितळापर्यंत पोचवणे हे या तुकडीचे काम. फ्लँडर्सच्या चिखलात एक स्ट्रेचर वाहायला कधी कधी सहा-आठ माणसे लागत.

वरच्या उत्तरातले मार्टिन-लीक 1917 साली 46 व्या फील्ड अ‍ॅम्ब्युलन्सचे प्रमुख होते. लिव्हरपूल स्कॉटिश पलटणीचे डॉक्टर कॅप्टन नोएल शॅव्हास यांना 1916 साली फ्रान्समधल्या गीयमों येथील कामगिरीबद्दल पहिला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. 1908 च्या ऑलिंपिकमध्ये चारशे मीटर धावलेला हा गडी, लिव्हरपूलच्या बिशपचा मुलगा. 31 जुलै 1917 रोजी बेल्जममधल्या ईप्र शहराजवळ त्यांच्या डोक्याला जखम झाली, तरी मागे न जाता ते जखमींना शोधत आणि तपासत राहिले. 2 ऑगस्टच्या पहाटे त्यांच्या उपचारकेंद्रावर तोफगोळा पडून त्यांच्या पोटाला मोठी जखम झाली. त्यांना ब्रांडहूकच्या इस्पितळात आणले ते मार्टिन-लीक यांच्याच तुकडीने. दोनदा व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला तोवरचा एकमेव माणूस ज्या तुकडीचा प्रमुख, तिनेच दुसऱ्याला वाहून आणले. अर्थात शॅव्हास यांच्या दुसऱ्या पदकाची घोषणा अजून व्हायची होती. 4 ऑगस्टला ते वारले. ब्रांडहूकच्या लष्करी दफनभूमीतल्या त्यांच्या थडग्यावर दोन क्रॉस कोरलेले आहेत.

मार्टिन-लीक युद्ध संपल्यावर पुन्हा कलकत्त्याला आपल्या रेल्वेच्या नोकरीवर हजर झाले. दुसऱ्या महायुद्धात, पासष्टी उलटल्यावरही, त्यांनी इंग्लंडमध्ये हवाई हल्ल्यांतल्या जखमींसाठी फिरते पथक सांभाळले. 1953 साली ते आपल्या गावी वारले.